पंधरा मिनिटांचा फरक

जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत चौतीस वर्षं काढलेल्या त्या बाईंना सगळे नोंदबाई म्हणत. सकाळी कुलूप उघडायला शिपाई यायचा तेव्हा बाई आधीच पायरीवर उभ्या असायच्या. अशा माणसाचा सहवास सुखाचा असतोच असं नाही. बाई नाकावर माशी बसू देत नसत. अर्ज मळका असला तर चिमटीत धरत आणि अक्षर वाईट असलं तर अर्जदाराकडे असं बघत, की त्यानं शाळेत परत जावं. पण कुणाचाही जन्म कितीही जुन्या वहीत असो, त्या दहा मिनिटांत काढून देत. मुलाला शाळेत घालायला निघालेले आईबाप, परदेशी चाललेली पोरं, घराच्या वाटणीवरून भांडणारे भाऊ, सगळ्यांची वाट त्या एका खिडकीवरून जायची. धडधडीत जिवंत माणूस समोर उभा असला तरी जगाला तो कागदावर बघायचा असतो, हे बाईंना पुरतं ठाऊक होतं. त्या कागदाच्या मालकीण आपण, असा थोडा तोराही त्यांच्यात होता.

निवृत्तीला पाच महिने उरले होते. दर वर्षी मुख्य कचेरीच्या भिंतीवर एक यादी लागायची. ज्यांच्या सेवापुस्तकात एकही शेरा नाही, अशा निवृत्त होणाऱ्यांची. साधी टाइप केलेली यादी, ना सत्कार ना बक्षीस. पण बाईंचा सगळा जीव तिच्यात अडकला होता. त्यांच्या कचेरीतून आजवर फक्त दोघांची नावं त्या यादीत लागली होती आणि तिसरं आपलं असणार, हे त्यांनी मनोमन ठरवून टाकलं होतं. माणसाला काय, कशाचाही हव्यास जडतो.

मंगळवारी जेवणाची सुट्टी संपता संपता दोन बायका आपसात भांडतच खिडकीशी आल्या. दोघींचे चेहरे इतके सारखे, की बाईंना वाटलं आपला चष्मा बदलायला झाला.

"माझा जन्माचा दाखला हवाय," एक म्हणाली. तिच्या मनगटावर इस्त्रीच्या चटक्यांचे जुने डाग होते.

"हिची नोंदच नाहीये हो," दुसरी मध्ये बोलली. "मी म्हटलं, माझाच दाखला घेऊन जा. तारीख तीच, आईबाप तेच. कोण बघतंय?"

"त्यावर तुझं नाव आहे गं."

"मग लाव तेच नाव. लहानपणी माझ्या नावानं मार खाल्लायस की!"

बाईंनी खिडकीच्या कठड्यावर पेन आपटलं. "एकीनं बोला. जिचं काम आहे तिनं."

जिचं काम होतं ती धाकटी. नवऱ्याबरोबर लॉन्ड्री चालवायची. त्यांना मूल नव्हतं. सहा वर्षांपूर्वी दोघांनी बालगृहात मूल दत्तक घ्यायला अर्ज केला, तेव्हा प्रतीक्षायादीत त्यांचा नंबर एकतिसावा लागला होता. दर महिन्याच्या एक तारखेला बालगृहाच्या दारावर नवी यादी लागायची आणि ही नवऱ्याला दुकानात बसवून ती बघायला जायची. एकतीस, अठ्ठावीस, एकोणीस, असं करत करत गेल्या महिन्यात पहिला नंबर आला. पाच वर्षांची मुलगी होती. दोघं तीन रविवार तिला भेटून आली.

"तिसऱ्या रविवारी तिनं माझ्या हातावरचे डाग मोजले," धाकटी म्हणाली, "आणि विचारलं, दुखतात का? मी म्हटलं, नाही गं. तर म्हणाली, मग मी हात लावू?"

मग ती कामाचं बोलली. कागद तपासताना तिच्या जन्माच्या नोंदीशी येऊन घोडं अडलं होतं. शाळेतली तारीख हेडमास्तरांनी अंदाजे लिहिलेली, ती चालेना. शुक्रवारी पाचपर्यंत दाखला आला नाही तर पुढच्या नंबरच्या जोडप्याला बोलावणार आणि हे दोघं यादीच्या तळाशी जाणार. आणि पुढच्या वर्षी तिचं वय नियमात बसत नव्हतं.

"आजवर कधी लागला नाही दाखला?" बाईंनी विचारलं.

"कपड्यांना इस्त्री करायला कोण दाखला मागतंय? हिनं तिशीत नोकरीसाठी स्वतःचा काढला, तेव्हा कळलं की नोंद एकटीचीच आहे. मी हिच्यामागून पंधरा मिनिटांनी आले, असं आई सांगायची. बाबांनी हिची नोंद केली आणि माझी विसरले." ती हसली. हे सांगून हसायची तिला सवय झालेली दिसत होती. "हमाल माणूस. दमून गेले असतील."

"बघू," म्हणत बाई उठल्या आणि त्यांनी शेहेचाळीस वर्षांपूर्वीची वही काढली. थोरलीची ओळ लगेच सापडली. मुलगी, वेळ पहाटे पाच वाजून दहा मिनिटं. तिच्याखाली तीन ओळी सोडून एक ओळ लाल शाईनं आडवी खोडलेली होती. तीच तारीख, तेच आईबाप, मुलगी, नावाचा रकाना कोरा. वेळ पाच वाजून पंचवीस मिनिटं. समासात 'दुबार' असा शेरा आणि त्याखाली बारीक, ऐटदार वळणाची छोटी सही.

ती सही बाईंची स्वतःची होती.

त्यांनी वही मिटली, खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, "आज सापडत नाहीये. उद्या या."

चौतीस वर्षांत त्या खिडकीवरून बाई पहिल्यांदा खोटं बोलल्या होत्या.

हे घडलं कसं, ते बाईंना विसरायला झालं नव्हतं, फक्त आजवर आठवावं लागलं नव्हतं. जुन्या काळी बाळंतपणं घरी व्हायची. सुईण घरच्यांना चिठ्ठी द्यायची, बाप ती कचेरीत आणायचा आणि जन्म वहीत चढायचा. महिनाअखेरीला सुईण आपली यादी घेऊन यायची आणि तिच्यावरूनही नोंदी व्हायच्या. त्यामुळे एकच मूल पुष्कळदा दोन वेळा लिहिलं जायचं. बाई नोकरीला लागल्या त्या वर्षी तेव्हाच्या साहेबांनी हुकूम काढला, की जुन्या वह्यांतल्या दुबार नोंदी शोधून एक खोडायची. खोडण्याआधी माळ्यावरून मूळ चिठ्ठ्या काढून ताडून बघायच्या, असंही हुकमात स्पष्ट लिहिलं होतं.

पण माळ्यावर धूळ होती, पाली होत्या आणि शिडी डुगडुगत होती. बाई तेवीस वर्षांच्या होत्या आणि स्वतःला फार हुशार समजत होत्या. एक दिवस, एक आई, एक बाप, दोन्हीकडे मुलगी. चिठ्ठी कशाला बघायची? वेळेत पंधरा मिनिटांचा फरक त्यांना दिसला होता. सुईणीच्या घड्याळाचा काय भरवसा, म्हणून त्या शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीकडे बघून हसल्याही होत्या. अकरा दिवसांत त्यांनी त्रेसष्ट ओळी खोडल्या. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली, की बाकीच्यांना महिना लागला असता. जुळी मुलं असतात, ही गोष्ट त्या अकरा दिवसांत बाईंच्या डोक्यात एकदाही आली नाही.

संध्याकाळी घरी ताटावर बसल्या, पण घास उतरेना. नवरा निवृत्त बसचालक. बोलायला मोकळा, आणि बाईंना न घाबरणारा जगातला एकमेव माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मग आता?"

"सांगितलं तर शेरा लागेल. शेवटच्या पाच महिन्यांत."

"म्हणजे त्या भिंतीवर नाव लागणार नाही."

"नाही."

"मी लावतो की आपल्या स्वयंपाकघरात. मोठ्या अक्षरात."

बाई हसल्या नाहीत. तोही मग गंभीर झाला. "अगं, चुकून बंद गल्लीत बस शिरली, तर मी मागं घ्यायचो. मागचे सगळे शिव्या द्यायचे, हॉर्न वाजवायचे. लाज वाटायची. पण प्रवासी घेऊन तिथंच बसून राहता येत नाही ना?"

बाईंनी पाण्याचा पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला.

बुधवारी त्या वही घेऊन थेट साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेब त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान होते आणि बाईंना थोडे वचकून असत. त्यांनी वही बघितली आणि सुटकेचा निःश्वास टाकला, कारण त्यांच्या मते प्रश्न सोपा होता.

"'नोंद आढळत नाही' असा दाखला द्या. ती कोर्टात जाऊन उशिराची नोंद करून घेईल."

"त्याला आठ महिने लागतात, साहेब. तिला शुक्रवारी हवाय."

"त्याला आपण काय करणार? आणि खोडलंय कुणी, हे तरी कुठं कळतंय? सही वाचता येतेय का?"

"मला येतेय," बाई म्हणाल्या. "माझीच आहे."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग ते बराच वेळ नियमांचं पुस्तक चाळत बसले. कोपऱ्यातलं एक बारीक कलम त्यांना सापडलं. रद्द केलेली नोंद, जिनं रद्द केली तीच व्यक्ती नोकरीत असताना, मूळ पुरावा जोडून आणि आपली चूक लेखी मान्य करून परत चालू करू शकत होती. मग कोर्टाची गरज नव्हती, साहेबांची मंजुरी पुरत होती.

"म्हणजे हे तुम्हीच करू शकता," साहेब म्हणाले. "पाच महिन्यांनी हीच वही उघडली असती, तर कुणालाच करता आलं नसतं. पण बाई, चूक लेखी दिलीत तर शेरा मला लिहावाच लागेल. त्यातून सुटका नाही."

"लिहा."

हा एवढासा शब्द उच्चारणं त्यांना किती जड गेलं, ते साहेबांना कळलं नसेल.

अकराच्या सुमाराला बहिणी आल्या. बाईंनी त्यांना खिडकीवर उभं न ठेवता आत बोलावलं, खुर्च्या दिल्या आणि वही उघडून समोर ठेवली.

"तुमची नोंद झाली होती. नंतर खोडली गेली. मी खोडली."

धाकटी लाल रेघेकडे बघत राहिली. "का?"

"मला वाटलं, एकच मुलगी दोनदा लिहिली गेलीय."

मग धाकटी बोलली. आवाज चढवला नाही, म्हणून बाईंना तो जास्तच लागला.

"बाई, आमच्याकडे एकाच घरातून दोन सारखे पांढरे शर्ट येतात. एका मापाचे, एकाच दुकानातले. आम्ही एक फेकून नाही हो देत. दोन्हींच्या कॉलरला वेगवेगळी खूण करतो आणि दोन मोजून परत करतो."

बाईंनी मान डोलावली आणि वही स्वतःकडे ओढली.

"शुक्रवारपर्यंत होईल?" धाकटीनं विचारलं.

"खोडलेली नोंद मलाच परत चालू करता येते, तीही मी नोकरीत आहे तोवर, म्हणजे अजून पाच महिने. माळ्यावर मूळ चिठ्ठ्या सापडल्या तर होईल. नाही सापडल्या तर नाही. मी खोटं सांगणार नाही."

"काल सांगितलंत की," थोरली म्हणाली. "सापडत नाही म्हणालात."

"हो," बाई म्हणाल्या. "काल सांगितलं."

मग त्या माळ्यावर चढल्या. सत्तावन्नाव्या वर्षी, गुडघे कुरकुरत असताना, शिपायाला शिडी धरायला लावून. शिपाईही त्यांच्याच वयाचा. तो खालून सारखा देवाचं नाव घेत होता, ते बाईंसाठी की शिडीसाठी, ते त्यालाच माहीत. बुधवारचा सगळा दिवस चिठ्ठ्यांचे गठ्ठे सोडण्यात आणि बांधण्यात गेला. वर्षं एकमेकांत मिसळली होती, काही गठ्ठ्यांना वाळवी लागली होती. वाळवीनं खाल्लेला प्रत्येक कागद हातात आला, की बाईंच्या तोंडचं पाणी पळायचं. संध्याकाळी त्या उतरल्या तेव्हा केसांत जळमटं होती आणि हात रिकामे होते. दाराशी थांबलेल्या धाकटीनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता निघून गेली.

गुरुवारी अकराच्या पुढे, भलत्याच वर्षाच्या गठ्ठ्यात, गंजलेल्या टाचणीनं एकत्र टोचलेल्या दोन चिठ्ठ्या बाईंच्या हाती लागल्या. एकीवर सुईणीच्या जाड अक्षरात 'जुळं, पहिली मुलगी' आणि दुसरीवर 'जुळं, दुसरी मुलगी'. तिच्या घड्याळानं चोख काम केलं होतं. पाच दहा आणि पाच पंचवीस. बाईंनी चिठ्ठ्या उलटल्या आणि शिडीच्या वरच्या पायरीवरच बसल्या.

"बाई, पडाल!" शिपाई ओरडला.

त्या उतरल्या त्या सरळ बाकावर बसलेल्या बहिणींकडे गेल्या आणि दोन्ही चिठ्ठ्या पालथ्या करून धाकटीच्या मांडीवर ठेवल्या.

"हे बघा."

मागच्या बाजूला दोन्ही चिठ्ठ्यांवर निळ्या शाईचा रुंद अंगठा होता. शेजारी कचेरीचा शिक्का, जन्माच्याच दिवसाचा, सकाळी दहाचा.

"तुमच्या वडिलांचा अंगठा," बाई म्हणाल्या. "पहाटे पाचला तुम्ही झालात आणि दहाला ते या खिडकीशी उभे होते. दोघींच्या चिठ्ठ्या घेऊन. त्यांनी दोन वेळा अंगठा उठवला. ते विसरले नव्हते. तुमची नोंद पुसली ती मी."

धाकटीनं त्या निळ्या ठशावर आपला अंगठा ठेवून बघितला. तो ठसा तिच्या अंगठ्याच्या दीडपट होता. मग ती रडायला लागली, चारचौघांत, आवाज करून, जशी लहान मुलं रडतात तशी. तिशीपासून आजवर तिनं बापाला पुष्कळदा माफ केलं होतं आणि माफ करायचं मुळात काही नव्हतंच, हे तिला आत्ता कळत होतं. बाईंचेही डोळे भरून आले. त्यांनी ते लपवले नाहीत.

"आता तरी माझ्यावरचा राग सोड," थोरली नाक ओढत म्हणाली. "बाबांची लाडकी, बाबांची लाडकी, म्हणून इतकी वर्षं टोमणे खाल्लेत मी."

"सोडते," धाकटी रडता रडता म्हणाली. "पण माझी पितळी डबी तू परत दिली नाहीस, तो राग वेगळा."

दुपारी बाईंनी वहीच्या समासात, खोडलेल्या ओळीच्या शेजारी लिहिलं: 'ही नोंद मी दुबार समजून चुकीनं रद्द केली होती. मूळ चिठ्ठ्या त्या वेळी तपासल्या नव्हत्या. आज तपासल्या. नोंद पूर्ववत.' खाली या वेळी छोटी सही न करता पूर्ण नाव लिहिलं, स्वच्छ, कुणालाही वाचता येईल असं. साहेबांनी मंजुरीची सही केली आणि खालच्या आवाजात म्हणाले, "सेवापुस्तक आणता का?" बाईंनी ते आधीच आणून ठेवलं होतं. शेरा दोन ओळींचा झाला. साहेबांचं अक्षर वाईट होतं, पण बाई त्यावर काही बोलल्या नाहीत.

धाकटी दाखला हातात घेऊन पुन्हा पुन्हा वाचत होती. मग तिनं तो घडी न घालता दोन पुठ्ठ्यांत ठेवला, जसा ती इस्त्रीचा भारी कपडा ठेवत असणार.

शनिवारी कचेरी अर्धा दिवस होती. बंद व्हायच्या वेळेला धाकटी एकटीच आली. तिच्या तोंडाकडे बघूनच बाईंचा जीव भांड्यात पडला.

"झालं. पंधरा तारखेला घरी येतेय. तिनं विचारलं, माझ्यासाठी वेगळी उशी आहे का? ह्यांनी काल दोन आणून ठेवल्यात."

"छान झालं," बाई म्हणाल्या. आणखी पुष्कळ म्हणायचं होतं, पण बाईंना तसं बोलायची सवय नव्हती.

धाकटी खिडकीपासून हलली नाही. "एक विचारू? रागावू नका. अजून किती जणांना खोडलंय तुम्ही?"

"बासष्ट ओळी आहेत."

"सगळी जुळी?"

"नसतील. बहुतेक खरोखरच दोनदा लिहिलेली असतील. पण चिठ्ठी बघितल्याशिवाय सांगता येणार नाही."

"मग बघा ना. तुमच्याशिवाय कुणाला करता येत नाही म्हणालात. आणि तुम्ही पाच महिन्यांनी जाणार."

ती गेल्यावर बाईंनी खिडकी लावली आणि शिपायाकडे बघितलं. शिपायानं शिडी आणली.

दुपारी तीनपर्यंत बाईंनी सात ओळी तपासल्या. सहा खरोखरच दुबार निघाल्या. सातवीच्या दोन चिठ्ठ्या निघाल्या, दोन मुलगे, वीस मिनिटांचा फरक, मागे दोन अंगठे. बाईंनी टेबलाशी बसून त्या नोंदीतल्या पत्त्यावर कागद लिहायला घेतला. आधी त्यांनी कचेरीच्या नेहमीच्या भाषेत लिहिलं, 'आपणांस कळविण्यात येते की', मग ते फाडून टाकलं आणि नवा कागद घेतला.

'तुमच्या वडिलांनी तुम्हा दोघांचीही नोंद जन्माच्या दुसऱ्याच दिवशी केली होती. त्यातली एक मी चुकून खोडली. अजून पाच महिने मी या खिडकीवर आहे. लवकर या.'